गाईंसाठी आणलेलं पोतं

पहिली मेंढी मेली तेव्हा सगळ्यांनी सापाच्या नावाने खडे फोडले. कुंपणाच्या कडेला ती आडवी पडलेली सापडली. तोंडाला फेस नव्हता, अंगावर कुठे दात उमटलेला नव्हता. तरी भाऊ म्हणाला साप, आणि भाऊ एकदा म्हणाला की त्या घरात साप नसला तरी साप व्हायचा. त्याने खड्डा खणून मेंढी पुरली आणि हात झटकून घरात गेला. ताई मात्र त्या जागी थोडा वेळ उभी राहिली. मेंढी पडली होती तिथलं गवत ओलं होतं, आणि ती ओल तांबूस काळी होती, कोऱ्या चहाचा गाळ सांडावा तशी. तिने पायाने त्यावर माती सारली. का सारली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ताई भाऊपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न करायचं राहून गेलं, आणि ज्याचं राहून जातं त्याच्या गळ्यात घरातलं एखादं काम कायमचं पडतं, तशी तिच्या गळ्यात कोठी पडली. कोठी म्हणजे मेंढवाड्याला लागून असलेली पत्र्याच्या छपराची खोली. भरडा, पेंड, भुसा, मीठ, क्षारांची पावडर, सगळं तिथे. कोणाला काय द्यायचं, किती द्यायचं, कशात कालवायचं, यात भाऊसुद्धा नाक खुपसत नसे. तो काट्याचा धनी. दर महिन्याला एकेका मेंढीला पट्ट्यात अडकवून टांगत्या काट्यावर चढवायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा, हे त्याचं काम. त्रेचाळीस तरण्या मेंढ्या होत्या, पैदाशीसाठी वाढवलेल्या. गेले चार महिने आकडा असा चढत होता की भाऊ खूश होऊन काट्याखालीच उभा राहायचा. भावजय म्हणायची, "ताई, थोडं मलाही घाला त्यातलं, मीच एकटी वाळत चाललेय या घरात." त्यावर भाऊ म्हणायचा की तुला घालून काय उपयोग, तुझी लोकर कोण घेणार.

ताई हसायची. पण त्या कौतुकाची तिला चटक लागली होती, हेही खरं.

झालं होतं ते असं. मागच्या हिवाळ्यात गाई विकल्या. भाऊचे गुडघे त्याला धार काढायला बसू देईनात. गाई गेल्या, पण त्यांच्या क्षारांच्या पावडरीची तीन पोती कोठीत तशीच राहिली, शिवणसुद्धा न उसवलेली. पुढच्याच महिन्यात मेंढ्यांची पावडर संपली. आणायला शहरात जायला हवं होतं, आणि समोर तीन पोती भिंतीला टेकून उभी होती. ताईने एक उसवलं, बोटाने चाखलं. खारट, थोडं कडवट, नेहमीसारखंच. गाईला जे मानवतं ते मेंढीला का मानवणार नाही, दोघी चारा खातात, दोघी रवंथ करतात, असा तिचा साधा हिशोब. तिने ती पावडर मेंढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओतली आणि पाटीमागे एक मूठ घालू लागली. त्याच महिन्यात तिने भरडा आणि पेंडही वाढवली होती. काटा चढला. तिला वाटलं, पावडरीचाच गुण. मग तिने दोन मुठी केल्या.

सापाच्या मेंढीनंतर पाचव्या दिवशी दुसरी गेली. कुत्र्याने फाटकापाशी उगाच दोन उड्या मारल्या, कळप दचकून मागे पळाला, आणि ही एक मागे राहिली. संध्याकाळी तिने मान टाकली. या वेळी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता आणि साप म्हणायला भाऊचीही जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई मोटारसायकलवर आल्या, रबरी बूट चढवले आणि मेंढवाड्यामागे पोत्यावर मेंढी फाडायला बसल्या. भाऊ शेजारी, भावजय तोंडाला पदर लावून चार हात लांब, आणि ताई पाण्याची बादली धरून. बाईंनी आतून दोन मूत्रपिंडं काढून पोत्यावर ठेवली. ती काळीनिळी होती, बंदुकीच्या नळीच्या रंगाची. यकृत पिवळं पडलं होतं. बाईंनी मूत्रपिंडं सुरीच्या टोकाने उलटून पाहिली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं की मेंढ्यांना खायला काय घालता. भाऊने पाढा म्हणावा तसं सगळं सांगितलं. भुसा, भरडा, पेंड, मीठ, क्षार.

"क्षार कुठले? गाईंचे तर नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

ताईचं तोंड उघडलं होतं. पण भाऊ तिच्या आधी बोलला.

"छे हो. कोठी आमच्या ताईच्या हातात आहे. तिचं सगळं मापात असतं. ती मेंढीला गाईचं घालेल? मला ती अजून माझा चहासुद्धा दुसऱ्याच्या कपात देत नाही."

भावजय हसली. बाईही थोड्या हसल्या. ताईने उघडलेलं तोंड मिटलं.

मग बाईंनी सुरी पुसत सांगितलं ते ताईने बादलीच्या कडीला धरून ऐकलं. गाईच्या पावडरीत तांबं असतं, गाईला ते लागतं. जास्त झालं तरी गाय ते बाहेर टाकू शकते. मेंढीला ते टाकता येत नाही. तिला लागतं चिमूटभर, आणि वरचं सगळं तिचं यकृत साठवत राहतं. महिने जातात. मेंढी खाते, पिते, वजन धरते, बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. आणि मग एक दिवस तिला कशाचा तरी धसका बसतो. कुत्रं अंगावर येतं, कोणी पाठलाग करतं, कोणी धरून आडवं पाडतं. त्या एका धसक्याने साठलेलं सगळं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि रक्तच फुटतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. ही मेंढी अगदी तशीच दिसते आहे, पण तसं काही घातलं नसेल तर मग दुसरं कारण शोधायला हवं. यकृताचा तुकडा तपासणीला पाठवते, उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील.

भाऊ म्हणाला, नशीब, आपल्याकडे तसलं काही नाही.

बाई हात धुवायला नळाशी गेल्या तेव्हा ताई त्यांच्या हातावर पाणी घालत होती. तिने हळूच विचारलं की समजा एखाद्याने घातलंच असेल, तर उरलेल्या जनावरांचं काय होतं.

"त्या सगळ्या आतून भरलेल्या असतात," बाई म्हणाल्या. "औषध आहे. रोज तोंडाने पाजायचं, तांब्याला धरून लेंड्यांवाटे बाहेर काढतं. पण ते आधी सुरू करावं लागतं, आणि तोवर जनावराला हलवायचंसुद्धा नाही. उगाच मात्र पाजता येत नाही, अंगातलं तांबं नको तितकं उतरलं तर तेही वाईटच." मग त्यांनी ताईकडे नीट पाहिलं. "का हो? घातलं होतं का?"

"नाही," ताई म्हणाली. "आपलं विचारलं."

मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली तशी ताई कोठीत गेली आणि आतून कडी लावली. तिने पोतं उलटं केलं. पुढच्या बाजूला गाईचं चित्र होतं, ते तिने चार महिने रोज पाहिलं होतं. मागच्या बाजूला खाली, दुमडलेल्या शिवणीच्या वर, लाल अक्षरांत एक ओळ होती. ती तिने आजवर वाचली नव्हती, कारण पोतं भिंतीला टेकून असायचं आणि ओळ भिंतीकडे. मेंढ्यांना देऊ नये. तीनच शब्द होते. ती पेंडीच्या ढिगावर बसली. एक्केचाळीस, ती मनात म्हणाली. एक्केचाळीस जनावरं भिंतीच्या पलीकडे शांत रवंथ करत होती, आणि प्रत्येकीच्या पोटात तिने स्वतःच्या मुठीने ते भरून ठेवलं होतं.

तिने त्या संध्याकाळी डबा रिकामा केला, नुसता भुसा पाटीत घेतला आणि दार उघडलं. आणि तिथे तिला नवीच भीती कळली. तिला पाहताच सगळा कळप उधळला. रोजच उधळायचा. ताई दिसली की एकीच्या अंगावरून दुसरी उडी मारून गव्हाणीकडे धावायची, आणि ताईला त्याचं कोण कौतुक. आज एक्केचाळीस मेंढ्या खूर आपटत, एकमेकींना ढकलत तिच्याकडे धावत आल्या. ती पाटी तिथेच टाकून भिंतीआड झाली. तिथून ती ऐकत राहिली, कोणी पडलं का, कोणी धापा टाकतंय का. चार महिने आपल्याला पाहून आनंदाने धावणारी जनावरं आता आपल्याला पाहूनच मरू शकतात, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

आता सांगायलाच हवं होतं. हे तिलाही कळत होतं. पण बुधवारी लोकर कातरणारे येणार होते. वर्षातून एकदा ते या भागात फेरी मारत, एक वाडा चुकला की पुढच्या वर्षीपर्यंत लोकर तशीच अंगावर. एकेक मेंढी धरायची, पाठीवर पाडायची, पाय दाबायचे आणि कातरायची. धसका द्यायचा तर याहून पक्का धसका कोणता. मंगळवारी ताईने भाऊला गाठलं आणि म्हणाली की यंदा कातरणाऱ्यांना नको म्हणू या. भाऊने कारण विचारलं. ती म्हणाली, हवा बरी नाही. त्याने आकाशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि विचारलं की तुझं डोकं दुखतंय का. मग ती म्हणाली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, हलवू नका.

"त्या तांब्याचं म्हणत होत्या," भाऊ म्हणाला. "तांबं आपण घातलंय का? मग?"

तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तो इतका सरळ तिच्याकडे पाहत होता, इतका निर्धास्त, की शब्द मागे फिरले. ती आत गेली आणि जेवायला घेतलेलं ताट तिने तसंच झाकून ठेवलं. भावजय म्हणाली, ताई, मेंढ्या वजन धरतायत आणि तुम्ही सोडताय, हे काही बरं नाही.

बुधवारी सकाळी दोघे कातरणारे आले. एक बोलका, एक मुका वाटावा इतका गप्प. बोलक्याने मेंढवाड्याच्या दारातल्या आडव्या फळीवर हात टेकून कळपाकडे पाहिलं आणि म्हणाला, जनावरं आहेत की उशा, काय खायला घालता ओ? भाऊ खुशीत ताईकडे बोट दाखवून म्हणाला, ते हिला विचारा. गप्प माणसाने आत शिरून पहिली मेंढी मानेखाली हात घालून धरली आणि पाठीवर पाडली. कातर चालू झाली. लोकर एका बाजूने सोलल्यासारखी उतरू लागली. कोपऱ्यात बाकीचा कळप एकमेकींवर चढत होता, तोंडं भिंतीला, डोळे मागे. बोलक्याने दुसरी धरायला हात पुढे केला.

तेव्हा ताई फळी ओलांडून आत गेली. साठीला टेकलेली बाई फळी ओलांडते हे पाहून सगळेच थांबले. तिने गप्प माणसाच्या हातावर हात ठेवला.

"सोड तिला. हळूच सोड," ती म्हणाली. "पळू देऊ नको." आणि मग भाऊकडे वळून, पण त्याच्याकडे न पाहता: "मी गाईंची पावडर घातली. चार महिने. दोन-दोन मुठी."

भाऊला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. त्याचं तोंड उघडलं, छाती भरली, आणि सगळ्या घराला माहीत असलेला तो आवाज आता निघणार, एवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या कळपावर गेली. त्याने ती हवा आतल्या आत गिळली.

मग जे भांडण झालं ते कुजबुजत झालं. त्या घरात असं भांडण आधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. भाऊ दातओठ खात, हात पाठीमागे बांधून, देवळात बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणत होता की सोमवारी तुझ्या तोंडात काय गोळा होता. ताई तितक्याच हळू म्हणत होती की तूच मध्ये बोललास. तो म्हणत होता, मी तुझ्या बाजूने बोललो. ती म्हणत होती, म्हणूनच. भावजयीने मध्ये पडून दोघांच्या दंडाला धरलं आणि कुजबुजली की आधी बाहेर चला, ती बघा, ती कोपऱ्यातली कशी थरथरतेय. बोलका कातरणारा आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला होता. दोघे कातरणारे चवड्यांवर चालत बाहेर पडले. अर्धी कातरलेली मेंढी उभी राहिली आणि एका बाजूने गोरी, एका बाजूने फुगलेली, अशी कळपात जाऊन मिसळली.

दुपारी बाई औषध घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, दोन दिवस गेले. ताईला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की वजन वाढलं ते भरड्याने आणि पेंडीने. त्या पावडरीने एक छटाकही वाढलं नाही, ती नुसती आत साठत गेली.

अर्धी कातरलेली शुक्रवारी गेली. तिच्या पाठोपाठ आणखी दोन.

औषध पाजायचं तर धरायला हवं, आणि धरायचं तर पळवायचं नाही. यावर तोड ताईनेच काढली. ती दिसली की त्या धावतात ना, मग तिने कायम दिसतच राहायचं. पहाटे कळप झोपलेला असतानाच ती आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसायची आणि अंधार पडेपर्यंत उठायची नाही. जेवण फळीखालून आत सरकवलं जायचं. दोन दिवसांत मेंढ्यांना तिचं नवल राहिलं नाही. एकेक जवळ यायची, तिच्या बाहीचं टोक चघळायची, आणि ती हनुवटीखाली हात धरून बाटलीचं तोंड दातांमागे सरकवायची. रोज अडतीस बाटल्या. प्रत्येकीची पापणी खाली ओढून बघायची, आतला रंग गुलाबी आहे की पिवळा. सावलीत तो नीट कळत नसे. मग ती ऊन भिंतीवरून खाली येईपर्यंत त्याच मेंढीजवळ बसून राही, आणि तेवढ्या वेळात तिचा जीव टांगणीला लागे. भाऊ फळीपलीकडून औषध मिसळून द्यायचा. कामापुरतं बोलायचा, तेही बाटल्यांशी बोलल्यासारखं.

तेविसाव्या दिवशी वारा सुटला. दुपारच्या वेळी कोठीच्या छपराचा एक पत्रा खिळ्यातून निसटला आणि उभाच्या उभा मेंढवाड्यात पडला. तो आवाज ताईने पुढे कित्येक दिवस झोपेत ऐकला. अडतीस मेंढ्या एकदम उठल्या, भिंतीवर आदळल्या, परत फिरल्या, पुन्हा आदळल्या. त्या गर्दीत ताई पडली आणि दोघी-तिघी तिच्या अंगावरून गेल्या. भाऊ धावत आला आणि फळीपाशी येऊन गपकन थांबला, कारण आत धाव घेतली असती तर आणखी उधळल्या असत्या. तो नुसता उभा राहिला. हळूहळू खुरांचा आवाज थांबला. मेंढ्या तोंड उघडं टाकून धापत होत्या. ताई उठून बसली, कपाळाला खरचटलं होतं, पण तिचा हात कपाळाकडे गेला नाही. जे व्हायचं ते आत सुरू झालं असेल तर आता थांबवता येणार नव्हतं. उद्या किंवा परवा दिसेल, एवढंच.

बाईंना निरोप गेला. त्यांचं उत्तर आलं की वाट बघा, आणि लघवीचा रंग बघा, रक्त फुटलं असेल तर ती तांबूस काळी उतरते.

मेंढी झोपून उठली की आधी लघवी करते, हे ताईला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पांढरी चिनी मातीची थाळी घेऊन आत गेली. मागे पाऊल वाजलं. भाऊ दुखऱ्या गुडघ्यांनी फळी ओलांडून आत आला होता, हातात तसलीच दुसरी थाळी. ती एका टोकाला बसली, तो दुसऱ्या.

पहिली उठली ती भाऊच्या बाजूची. मागचे पाय ताणले, अंग झटकलं. त्याने थाळी खाली सरकवली. मग तो ती थाळी दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, ताईपर्यंत आला आणि तिच्या शेजारी टेकला. इतक्या दिवसांत इतक्या जवळ तो पहिल्यांदाच बसला होता.

"हा रंग कसा आहे, ताई? मला कळत नाहीये."

तिने थाळी त्याच्या हातातून घेतली. अजून उजेड नीट आला नव्हता. ती भिंतीपाशी सरकली, थाळी वर धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"भुसा भिजवलेल्या पाण्यासारखा," ती म्हणाली. "चांगला आहे."

"नक्की?"

तिने थाळी आणखी एकदा उजेडाकडे धरली. एकदा नक्की म्हणून टाकणं फार सोपं असतं, हे तिला आता ठाऊक होतं.

"या एकीचं नक्की," ती म्हणाली. "ती बघ, ती काळ्या कानाची उठतेय. जा. सावकाश जा."

भाऊने थाळी गवतावर रिती केली, सदऱ्याच्या टोकाने पुसून पांढरी केली, आणि गुडघ्यांवर हात देत सावकाश उठला.